जुन्या छिद्रातील स्क्रू : घट्टपणा आणि पकड

घराच्या दाराची बिजागरी सैल झाली म्हणजे सुतार काय करतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. तो स्क्रू काढतो, रिकाम्या भोकात आगपेटीची एखादी काडी सरस लावून बसवतो, वर उरलेला तुकडा मोडून टाकतो आणि तोच स्क्रू पुन्हा पिळून घट्ट करतो. दार पूर्ववत लागू लागते आणि घरातील माणसे ती गोष्ट विसरून जातात. परंतु या लहानशा कृतीमागे एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. एकदा वापरलेले छिद्र दुसऱ्यांदा तितकाच भार पेलू शकेल काय? आणि पेलू शकेल, हे आपण कशावरून ठरवावयाचे?

दाराच्या बाबतीत उत्तर चुकले, तर दार करकरते एवढेच. परंतु हाच प्रश्न बर्फाळ प्रदेशातील कारागिरांपुढे अधिक गंभीर स्वरूपात उभा राहतो. बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी पायाला ज्या लांब पट्ट्या बांधतात, त्यांना स्की म्हणतात. युरोपातील आल्प्स पर्वतात आणि स्कँडिनेव्हियात या पट्ट्यांचा वापर सर्वत्र आहे. आपल्या देशातही काश्मिरातील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशातील सोलंग आणि उत्तराखंडातील औली येथे हिवाळ्यात स्की शिकणारे तरुण दिसतात. गुलमर्ग येथे तर 1948 पासून सैन्याची स्की-शिक्षणाची व्यवस्था आहे. या पट्टीशी बूट जखडून ठेवणारी जी यांत्रिक पकड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. ती केवळ काही स्क्रूंच्या आधारे पट्टीवर बसवलेली असते. बूट बदलला, बाइंडिंग बदलली अथवा दुरुस्तीसाठी काढली, म्हणजे ती पुन्हा जुन्याच छिद्रांत बसवण्याची वेळ येते. त्या वेळी स्क्रूने नीट धरले नाही, तर बाइंडिंग बुटासकट उपटून निघते आणि माणूस वेगात असताना उतारावर फेकला जातो. या लेखात आपण ही जोडणी कशी टिकते, कशी बिघडते आणि कशी सुधारावी, याचा क्रमाने विचार करू.

सुटणारा सांधा आणि न सुटणारा सांधा

प्रारंभीच्या काळात स्की म्हणजे लाकडाची एकसंध फळी असे. नॉर्वेतील फ्रिट्झ ह्युटफेल्ट यांनी 1894 मध्ये बुटाच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी धरणारी लोखंडी पकड प्रचारात आणली. लाकडात आरपार खाच पाडून तिच्यातून ही लोखंडी पट्टी ओवलेली असे. पुढे पकडी पट्टीच्या पृष्ठभागावर स्क्रूंनी बसवण्याची पद्धत रूढ झाली. तथापि त्या काळच्या पकडी बुटाला सोडत नसत. माणूस पडला आणि पट्टी बर्फात अडकली, तर पट्टीचा सगळा पीळ पायाच्या हाडावर येई. अमेरिकेत स्थायिक झालेले नॉर्वेजियन स्कीपटू यालमार व्हाम यांचा पाय 1937 मध्ये असाच मोडला. त्यानंतर त्यांनी ठराविक जोर येताच बूट मोकळा करणारी बाइंडिंग तयार केली. उतारावरून घसरण्याच्या स्कीच्या आजच्या बहुतेक बाइंडिंग याच तत्त्वावर चालतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. स्कीपटूच्या पायाखाली दोन सांधे असतात. पहिला सांधा बूट आणि बाइंडिंग यांच्यामधला. तो ठरलेल्या जोराला सुटलाच पाहिजे. दुसरा सांधा बाइंडिंग आणि पट्टी यांच्यामधला. तो कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये. पहिल्या सांध्यातील स्प्रिंग कितीही काळजीपूर्वक जुळवलेली असली, तरी दुसरा सांधा आधीच उपटला गेला, तर त्या जुळवणीला काहीच अर्थ उरत नाही. स्क्रूचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो यामुळे.

स्क्रू कशाच्या आधाराने धरतो

पट्टीची अंतर्रचना आता पूर्वीसारखी एकसंध राहिलेली नाही. अमेरिकेतील विमान-अभियंता हॉवर्ड हेड यांनी 1950 मध्ये लाकडाच्या गाभ्याला वरून व खालून ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे चिकटवलेली पट्टी बाजारात आणली आणि तेव्हापासून थरांची रचना सर्वमान्य झाली. आजच्या पट्टीत मधोमध पॉपलर, ॲश, बीच अशा लाकडाचा किंवा फेसाळ प्लॅस्टिकचा गाभा असतो; त्याच्या वर आणि खाली काचतंतूंचे थर असतात; काही पट्ट्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असा पत्रा असतो. तळाला पॉलिएथिलीनचा गुळगुळीत थर आणि कडांना पोलादी धार असते. पायाखालच्या भागात या सर्वांची मिळून जाडी सुमारे दीड सेंटिमीटर भरते.

इतक्या थोड्या जाडीत स्क्रूला खोल जाता येत नाही. तो पाऊण-एक सेंटिमीटरच आत जातो. बाइंडिंगच्या नेहमीच्या स्क्रूचा बाह्य व्यास 5.5 मिलिमीटर असतो. त्यासाठी धातूचा थर नसलेल्या पट्टीत साधारणतः 3.5 किंवा 3.6 मिलिमीटर व्यासाचे आणि धातूचा थर असलेल्या पट्टीत 4.1 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडतात. प्रौढांच्या पट्टीत त्याची खोली 9 ते 9.5 मिलिमीटर ठेवतात. अनेक पट्ट्यांवर हे आकडे छापलेलेच असतात.

छिद्राचा व्यास स्क्रूच्या बाह्य व्यासापेक्षा कमी असल्यामुळे स्क्रूचे आटे छिद्राच्या भिंतीत शिरतात आणि तेथे आपल्या आकाराची नागमोडी खाच कोरतात. म्हणजे स्क्रू बसवल्यानंतर दोन मळसूत्रे एकमेकांत अडकलेली असतात: एक पोलादाचे आणि दुसरे लाकडाचे. पोलादाचे मळसूत्र आपल्याला दिसते. लाकडाचे दिसत नाही. स्क्रूची सारी पकड मात्र त्या न दिसणाऱ्या मळसूत्रावर अवलंबून असते, कारण दोहोंपैकी दुबळे तेच आहे.

ही पकड किती असेल, याचा स्थूल अंदाज गणिताने करता येतो. स्क्रू सरळ वर ओढला असता त्याच्या आट्यांच्या बाहेरील कडेलगत लाकडाचा एक दंडगोल कातरला जातो. समजा, स्क्रूचा व्यास 5.5 मिलिमीटर आहे आणि त्याचे 8 मिलिमीटर लांबीचे आटे लाकडात गुंतलेले आहेत. मग त्या दंडगोलाच्या वक्र पृष्ठाचे क्षेत्रफळ 3.14 × 5.5 × 8, म्हणजे सुमारे 138 चौरस मिलिमीटर होते. लाकडाचा दर चौरस मिलिमीटर 8 न्यूटन जोराला कातरला जातो असे मानले, तर स्क्रू उपटण्यास सुमारे 1,100 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 110 किलोग्रॅम वजनाइतका जोर लागेल. काचतंतूंचा किंवा धातूचा थर असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. पण या स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर सुमारे पावणेदोन मिलिमीटर असते, हे विसरता कामा नये. म्हणजे माणसाचा सारा भार लाकडातील अवघ्या चार-पाच आट्यांनी तोललेला असतो.

आता भाराकडे पाहू. स्कीपटू वेगात असताना पुढे झुकला की त्याची टाच वर उचलली जाऊ पाहते. बुटाचा तळ 30 सेंटिमीटर लांब आहे आणि पुढे झुकण्याचा पीळ 200 न्यूटन-मीटर आहे असे समजू. 200 ला 0.3 ने भागले असता टाचेच्या पकडीवर सुमारे 670 न्यूटन ओढ येते. ही ओढ पकडीच्या पुढच्या कडेला लागते. स्क्रू त्यामागे असतात. त्यामुळे पहारेने खिळा उपटताना जशी तरफ तयार होते, तशीच येथेही होते आणि पुढच्या दोन स्क्रूंवरील एकूण ओढ मूळ ओढीपेक्षाही अधिक होऊ शकते. दोन्ही स्क्रू धड असतील, तर हा भार सहज पेलला जातो. एक स्क्रू निकामी असेल, तर त्याचा वाटा शेजाऱ्यावर पडतो. तो निसटला की तिसऱ्यावर पडतो. अशा रीतीने एका सैल छिद्रामुळे सगळी बाइंडिंग क्षणार्धात उखडते.

छिद्र जुने होते म्हणजे काय होते

स्क्रू काढून घेतल्यानंतर छिद्र रिकामे दिसते. वस्तुतः ते रिकामे नसते. त्याच्या भिंतीवर लाकडी आटे शिल्लक असतात. ते तीन कारणांनी नष्ट होतात.

पहिले कारण कारागिराची घाई. स्क्रू परत बसवताना त्याच्या आट्याचे टोक जुन्या खाचेत न जाता दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर टेकले, तर तो तेथे नवी खाच कोरतो. नव्या आणि जुन्या खाचा मिळून उंचवटे संपूर्ण कापले जातात. असे दोन-तीन वेळा झाले, की भिंत गुळगुळीत होते.

दुसरे कारण अतिरेकी जोर. स्क्रूचे डोके बाइंडिंगवर टेकल्यानंतरही पिळत राहिल्यास स्क्रू पुढे जाऊ शकत नाही. तो लाकडालाच वर ओढतो. काही काळ हाताला विरोध जाणवतो आणि मग एकाएकी तो नाहीसा होतो. सुतार त्याला ‘आटे गेले’ म्हणतात. विजेच्या यंत्राने स्क्रू पिळताना हा क्षण कळतही नाही. म्हणून शेवटचे फेरे नेहमी हातानेच द्यावेत.

तिसरे कारण पाणी. वितळलेला बर्फ स्क्रूच्या कडेने आत झिरपतो. त्याने लाकूड फुगते, पुढे मऊ पडते आणि कालांतराने कुजते. रात्री तेच पाणी गोठले, की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. हे नुकसान वरून दिसत नाही. म्हणून जुन्या छिद्राची परीक्षा करताना प्रथम बारीक काडीने आतील लाकूड चाचपून पाहावे. ते कोरडे आणि टणक असेल, तरच पुढील विचार करावयाचा.

आटे शाबूत असतील तर

छिद्र टणक आहे आणि आत आटे दिसत आहेत, अशा वेळी ते आटे राखणे हेच मुख्य काम असते. त्यात पुन्हा ड्रिल घालू नये. तसे केल्याने शिल्लक असलेली संपत्तीच आपण खरवडून टाकतो. मेण, तेल व भुसा झटकून छिद्र स्वच्छ करावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. छिद्राच्या तोंडाशी पृष्ठभाग फुगून वर आला असेल, तर तो धारदार पात्याने हलक्या हाताने सपाट करावा. अन्यथा बाइंडिंगचा तळ पट्टीला नीट टेकत नाही आणि फटीमुळे स्क्रूवर वाकवणारा जोर येतो.

यानंतरची कृती फार साधी, परंतु मोलाची आहे. स्क्रू छिद्रात सरळ उभा धरावा आणि प्रथम उलट दिशेने, म्हणजे काढण्याच्या दिशेने, हळूहळू फिरवावा. एका फेऱ्याच्या आतच तो किंचित खाली बसल्याची हाताला जाणीव होते. कधी बारीकसा टिक असा आवाजही येतो. स्क्रूच्या आट्याचे टोक जुन्या खाचेच्या आरंभावर आल्याची ती खूण होय. आता दिशा बदलून तो सुलट फिरवावा. जुनी वाट सापडली असेल, तर स्क्रू फारशा विरोधाविना आत जातो. आरंभीच विरोध जाणवला, तर जबरदस्ती न करता परत उलट फिरवून वाट शोधावी. हीच युक्ती घरातील बिजागरीला, रेडिओच्या पेटीला किंवा शाळेतील बाकालाही तितकीच लागू पडते.

पेचकस कोणता घ्यावा, याचाही विचार हवा. बाइंडिंगच्या स्क्रूच्या डोक्यावरील चौफुली साधी दिसली, तरी ती बहुधा पोझिड्राइव्ह जातीची असते. या खाचेच्या कडा जवळजवळ उभ्या असतात. निमुळत्या टोकाचा साधा फिलिप्स पेचकस तिच्यातून उसळून वर येतो आणि डोके खराब करतो. योग्य पेचकस खाचेत भरून बसतो व हाताचा सगळा जोर फिरवण्याच्या कामी येतो.

सर्व स्क्रू प्रथम हलके बसवावेत आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतील जोड्यांनी क्रमाक्रमाने घट्ट करावेत. मोटारीच्या चाकाचे नट याच क्रमाने आवळतात. असे केल्याने बाइंडिंग एका बाजूला कलत नाही.

सरसाचे कार्य

शाबूत छिद्रातही स्क्रू कोरडा बसवू नये. त्यात सरसाचे एक-दोन थेंब घालावेत, असा कारागिरांचा नियम आहे. येथे सरसाने पोलादाला लाकडाशी कायमचे चिकटवावे, अशी अपेक्षा नसते. तो तीन कामे करतो. बसवताना तो वंगणासारखा उपयोगी पडतो व आट्यांची खरवड कमी होते. सुकल्यावर तो बारीक फटी भरून काढतो. आणि पाण्याची वाट बंद करतो. लाकडी गाभ्याच्या धड छिद्राला सुताराचा पांढरा, पाण्यात टिकणाऱ्या जातीचा सरस पुरतो. परंतु तो आतील पाणी उडून जाताना आक्रसतो. त्यामुळे मोठी पोकळी भरण्यास तो निरुपयोगी ठरतो.

पोकळी भरावयाची असेल, तेथे इपॉक्सी वापरतात. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने 1940 च्या दशकात अराल्डाइट या नावाने हा पदार्थ बाजारात आणला आणि ते नाव आपल्याकडेही घरोघर परिचित आहे. त्यात राळ आणि कठिणक असे दोन भाग असतात. ते एकत्र येताच रासायनिक क्रियेने त्यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात. यात काहीही उडून जावयाचे नसल्यामुळे आक्रसणे फार कमी होते. कठिणक हा त्या क्रियेतील समान भागीदार आहे; म्हणून लवकर घट्ट व्हावे या हेतूने तो अधिक घालणे चूक होय. जादा कठिणक तसाच मोकळा राहतो व जोड मऊ पडतो. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक भरवशाचे असते. त्याला ऊबदार खोलीत पूर्ण एक दिवस द्यावा. थंडीत ही क्रिया मंदावते. तापमान दहा अंशांनी उतरले की वेग जवळजवळ निम्मा होतो, असा स्थूल नियम आहे. हिमप्रदेशातील गारठलेल्या खोलीत रात्री लावलेला जोड सकाळी वापरण्याजोगा झाला असेल, असे समजू नये.

सरस किती घालावा? छिद्र खालून बंद आहे, हे येथे आठवावे. ते काठोकाठ भरून स्क्रू पिळला, तर द्रवाला निघून जावयास वाट राहत नाही. द्रव दाबला जात नाही. तो दाब सर्व दिशांना सारखाच पोचवतो. स्क्रू हा अशा वेळी जलदाब यंत्राच्या दट्ट्यासारखा वागतो आणि पट्टीच्या तळाला खालच्या बाजूने फुगवटा येतो. म्हणून थोडाच सरस भिंतीला माखावा आणि स्क्रू सावकाश, थांबत थांबत आत न्यावा. वर आलेला सरस लगेच पुसून घ्यावा.

आटे गेलेले छिद्र

स्क्रू छिद्रात नुसता फिरू लागला असेल, तर आता राखण्यासारखे काही उरलेले नाही. भिंत नव्याने उभी केली पाहिजे. त्याचे मार्ग नुकसानीच्या मानाने ठरतात.

नुकसान थोडे असेल, तर इपॉक्सीमध्ये बारीक पोलादी लोकर किंवा लाकडाचे बारीक तंतू भिजवून ते छिद्राच्या भिंतीशी बसवतात आणि त्यात स्क्रू पिळतात. नुसते घट्ट झालेले इपॉक्सी ठिसूळ असते. तंतूंमुळे त्याला चिवटपणा येतो. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या जे काम करतात, तेच येथे हे तंतू करतात. या पद्धतीत इपॉक्सी ओले असताना स्क्रू हाताला सैलच लागतो. तो घट्ट व्हावा म्हणून पिळत राहिल्यास भराव विस्कटतो. स्क्रू डोक्यापर्यंत टेकवावा आणि काम तेथेच थांबवावे.

लाकडी खुंटी ठोकून तिच्यात नवे छिद्र पाडण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. तो दिसतो तितका चांगला नाही. बाजारात मिळणाऱ्या गोल खुंटीत लाकडाच्या शिरा तिच्या लांबीच्या दिशेने धावतात. ती छिद्रात उभी ठोकली, की स्क्रू शिरांना समांतर आत जातो. लाकडाच्या टोकाकडून, शिरांना समांतर बसवलेला स्क्रू कमी धरतो, ही गोष्ट प्रत्येक सुतार जाणतो. पट्टीच्या मूळ गाभ्यात शिरा आडव्या असतात. म्हणून खुंटीतच स्क्रू बसवावयाचा असेल, तर ती कठीण लाकडातून शिरांना आडवी कापून काढलेली असावी आणि इपॉक्सीने पक्की बसवावी. केवळ छिद्र बुजवण्यासाठी मात्र साधी खुंटी किंवा प्लॅस्टिकचे बूच पुरेसे होते.

नुकसान फार असेल, धातूचा पत्रा फाटला असेल अथवा बाइंडिंग वारंवार काढावयाची असेल, तर छिद्र मोठे करून त्यात बाहेरून व आतून आटे असलेली पोलादी नळी इपॉक्सीने बसवतात. बाहेरचे रुंद आटे गाभ्यात रुततात. आतल्या बारीक आट्यांत 5 मिलिमीटर व्यासाचा यंत्राचा स्क्रू बसतो. या रचनेत झीज लाकडावर येत नाही. पोलादावर पोलाद फिरते. त्यामुळे तोच स्क्रू कितीतरी वेळा काढता-घालता येतो. मात्र हे काम अचूक हत्यारांचे आहे. मोठे छिद्र तिरके गेले किंवा तळापर्यंत पोचले, तर पट्टी वाया जाते.

इपॉक्सीने बसवलेला स्क्रू पुढे कधी काढावयाचा झाला, तर तो तसाच पिळू नये. भिंतीचे लाकूड त्याच्याबरोबर उखडून येते. डोक्यावर डाग देण्याची तापलेली कैची काही वेळ टेकवून ठेवावी. सामान्य तापमानात घट्ट झालेले इपॉक्सी साधारणतः 50 ते 70 अंश सेल्सियसच्या पुढे मऊ होऊ लागते आणि स्क्रू अलगद निघतो.

छिद्र केव्हा सोडून द्यावे

काही छिद्रांची दुरुस्ती करू नये, हेही कारागिराला कळले पाहिजे. आतील लाकूड ओले, काळे किंवा भुसभुशीत असेल, तेथे कोणताही भराव टिकणार नाही. भराव कितीही मजबूत असला, तरी तो सभोवतालच्या लाकडालाच धरून असतो. पृष्ठभागाचा थर गाभ्यापासून सुटला असेल, तरी तीच गोष्ट. अशा वेळी बाइंडिंग थोडी पुढे-मागे सरकवून नवी छिद्रे पाडतात. नव्या आणि जुन्या छिद्रांच्या केंद्रांत साधारण 1 सेंटिमीटर अंतर राखण्याचा प्रघात आहे. त्याहून जवळ गेल्यास दोन छिद्रांमधली भिंत इतकी पातळ होते, की ताण येताच ती जुन्या छिद्राकडे ढासळते. सोडून दिलेली छिद्रेही उघडी ठेवू नयेत. ती बुजवून पाणी बाहेर ठेवावे. अनेक वेळा छिद्रे पाडून चाळण झालेली पट्टी मात्र निकालात काढणेच शहाणपणाचे. पट्टीची किंमत पायाच्या किमतीपेक्षा कधीच अधिक नसते.

घट्टपणा म्हणजे पकड नव्हे

या सर्व विवेचनाचे सार एका वाक्यात सांगता येईल: हाताला जाणवणारा घट्टपणा आणि स्क्रूची पकड या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेचकस फिरवताना जो विरोध जाणवतो, तो मुख्यतः घर्षणाचा असतो. भोकात कोंबलेल्या काडीमुळे घर्षण वाढते आणि स्क्रू घट्ट लागतो. परंतु त्याच्या आट्यांत सलग लाकूड आलेच असेल, असे नाही. उलट जुन्या वाटेने अलगद गेलेला स्क्रू हाताला सैल भासतो, तरी त्याचे सर्व आटे पूर्णपणे गुंतलेले असतात. ओल्या इपॉक्सीतील स्क्रू आज बोटाने फिरेल आणि उद्या सर्वांहून बळकट ठरेल. म्हणून हाताच्या साक्षीवर विसंबून न राहता, आट्यांच्या सभोवती सलग, टणक व कोरडा पदार्थ आहे काय, हे पाहिले पाहिजे.

दाराच्या बिजागरीला काडी पुरते, कारण तिच्यावरील ओढ बरीचशी आडवी, बेताची आणि ओळखीची असते. शिवाय ती सैल झाली, तर आपल्याला वेळीच कळते. स्कीच्या स्क्रूवर ओढ एकाएकी येते, वरच्या दिशेने येते आणि पूर्वसूचना देत नाही. म्हणूनच तेथे काडीची युक्ती थांबते आणि शास्त्राचा विचार सुरू होतो. स्क्रू बसवून झाल्यावरही बाइंडिंग किती जोराला बूट सोडते, याची तपासणी जाणत्या तंत्रज्ञाकडून उपकरणावर करून घेतल्यावाचून ती पट्टी उतारावर नेऊ नये.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

खोक्याच्या मऊ लाकडाची एक जाड फळी घ्या. तिच्यात सारख्या अंतरावर 2 मिलिमीटर व्यासाची तीन छिद्रे पाडा. 3 मिलिमीटर व्यासाचे तीन सारखे स्क्रू घेऊन प्रत्येकाचे आटे फक्त 4 मिलिमीटर आत जातील, असे बसवा. दुसऱ्या छिद्रातील स्क्रू दहा वेळा काढून, वाट न शोधता, दाबून पुन्हा बसवा. तिसऱ्या छिद्रातील आटे मुद्दाम घालवा आणि मग लाकडाचे तंतू व इपॉक्सी भरून स्क्रू बसवा. ते एक दिवस राहू द्या. आता स्क्रूंची डोकी खाली येतील अशी फळी दोन टेबलांवर आडवी घट्ट बांधा. प्रत्येक डोक्याखाली तारेचा फास अडकवून त्याला बादली टांगा आणि तीत थोडी थोडी वाळू घाला. स्क्रू निसटताच बादलीसह वाळूचे वजन करा. बादली जमिनीपासून चार बोटेच उंच असावी, खाली कोणी पाय ठेवू नये, आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

तिन्ही वजने वहीत लिहिण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू बसवताना हाताला किती घट्ट वाटला होता, तेही लिहून ठेवा आणि नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहा.

विचार करण्यासाठी प्रश्न

1. स्क्रूचा व्यास तोच ठेवून लाकडात गुंतलेल्या आट्यांची लांबी निम्मी केली, तर उपटण्यास लागणारा जोर किती होईल? लेखातील आकडे घेऊन काढा.

2. धातूचा थर असलेल्या पट्टीत छिद्र थोडे मोठे का पाडतात?

3. बंद छिद्र सरसाने पूर्ण भरल्यास पट्टीचा तळ का फुगतो? याच तत्त्वावर चालणारी दोन यंत्रे सांगा.

4. आपल्या घरातील किंवा शाळेतील एक सैल स्क्रू शोधा. त्याचे आटे शाबूत आहेत की गेले आहेत, हे ठरवा आणि त्यानुसार योग्य दुरुस्ती सुचवा.